राणीचा ताल, दासीचा ताल

जबलपूरला पोस्टिंग आली असं सांगितलं की मराठी माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘भेडाघाट पाहिलास का?’ आणि ‘तिकडे उन्हाळा फार ना?’ दोन्हींचं उत्तर ‘हो’. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: हा प्रदेश आपला कोण लागतो? १७८१ ते १८१७ अशी छत्तीस वर्षं इथे मराठी अंमल होता, आधी पेशव्यांच्या सागरच्या सुभ्याचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा. मी शाळेत जो इतिहास शिकलो त्यात अटक होतं, पानिपत होतं, वसई होती. गढा-मंडला नव्हतं. आज त्याच्याबद्दल लिहितो.

सुरुवात शहरातल्या एका वस्तीच्या नावापासून करू. दमोह नाक्याच्या बाजूला चेरीताल नावाचा भाग आहे. घरं, दुकानं, शाळा, दवाखाने, ऑटोंची गर्दी. ताल म्हणजे तलाव, पण तलाव कुठे दिसत नाही. शेजारी राणीताल आहे आणि शहराच्या उत्तर अंगाला अधारताल. इथली माणसं सांगतात की राणीताल राणी दुर्गावतीने बांधवला, अधारताल तिचा दिवाण अधार कायस्थ याने, आणि चेरीताल राणीच्या चेरीने. चेरी म्हणजे दासी. ही लोकपरंपरा आहे, शिलालेख नव्हे. पण राणी, दिवाण आणि दासी या तिघांची नावं शहराने एकाच रांगेत, एकाच कामासाठी लक्षात ठेवली आहेत. असं उदाहरण मला दुसऱ्या कोणत्या छावणीच्या गावात भेटलेलं नाही.

ही नावं नीट कळायची तर आधी नकाशा उघडायला हवा. एनडीएत नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात: रस्ते नंतर बघा, आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघा. पाण्यावरून डोंगर कळतो, डोंगरावरून वाट कळते, आणि सैन्य कुठून येणार हे वाटेवरून कळतं.

जबलपूरच्या नकाशावर हा धडा फार सुंदर दिसतो. शहराच्या दक्षिणेला नर्मदा. ती अमरकंटकहून, मैकल डोंगरातून येते, मंडल्याला वळसा घालते, इथे संगमरवराच्या घळीतून बाहेर पडते आणि पश्चिमेला भडोचपर्यंत जाते, म्हणजे अरबी समुद्राकडे. शहराच्या उत्तरेकडे कटनीच्या बाजूला गेलात की पाणी उलटं फिरतं. कटनी नदीचं पाणी लहान महानदीला, तिचं शोणेला, शोणेचं गंगेला. आणि दक्षिणेला सातपुडा चढून सिवनी गाठलं की तिथे वैनगंगा उगम पावते, जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहत प्राणहितेमार्गे गोदावरीला मिळते. एका दिवसाच्या गाडीच्या प्रवासात नर्मदा, गंगा आणि गोदावरी या तिन्ही खोऱ्यांचं पाणी ओलांडता येतं.

उत्तरेला विंध्य आणि कैमूर, दक्षिणेला सातपुडा आणि मैकल, मधे नर्मदेची लांबट सपाट पट्टी. अशा ठिकाणी वाटा एकत्र येणारच. गंगेच्या खोऱ्यातून दख्खनला जाणारा मिर्झापूर, जबलपूर, नागपूर हा जुना मोठा रस्ता इथूनच जात असे. विल्यम स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला तो याच भागात, आणि त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आजही जबलपूर-कटनी रस्त्यावर आहे. ठग रस्त्यावर जगतात. ते इथे होते यावरूनच रस्ता किती वाहता होता ते समजावं.

जमीनही साधी नाही. नर्मदा आणि शोण ज्या रेषेत वाहतात ती जमिनीतली जुनी भेग आहे आणि ती अजून पुरती शांत झालेली नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला तीव्र भूकंप झाला, त्याचं केंद्र जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटर खोल होतं. मदनमहालच्या टेकडीवर एका प्रचंड शिळेवर दुसरी शिळा जेमतेम टेकलेली आहे. लोक तिला बॅलन्सिंग रॉक म्हणतात. ती त्या पहाटेही पडली नाही, हे इथला प्रत्येक रिक्षावाला अभिमानाने सांगतो. याच शहरातल्या एका टेकडीत १८२८ मध्ये स्लीमनला मोठी हाडं सापडली. भारतातले डायनासोरचे पहिले नोंदलेले अवशेष ते हेच. ज्या खडकांत असे अवशेष मिळतात त्यांना नाव पडलं नर्मदेवरच्या लम्हेटा घाटाचं. शाळेत आपण ‘गोंडवन’ नावाचं प्राचीन महाखंड शिकतो. तो शब्दही इथलाच. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी आधी खडकांच्या एका मालिकेला आणि नंतर अख्ख्या महाखंडाला जे नाव दिलं, ते गोंडांच्या देशाचं आहे.

आता तलावांकडे येऊ. मदनमहालची टेकडी ग्रॅनाइटची. पावसाळ्यात पाणी धो धो कोसळतं, पण ग्रॅनाइटमध्ये मुरतं कमी आणि उतारावरून निघून जातं. उपाय एकच, पायथ्याशी बांध घालून ते अडवायचं. म्हणून टेकड्यांच्या कुशीत एकेक ताल तयार झाला: संग्रामसागर, देवताल, राणीताल, चेरीताल, अधारताल. जुन्या शहरात हनुमानताल. जबलपूरला बावन्न ताल होते असं म्हणतात. शेतातही हीच अक्कल वापरलेली दिसते. जबलपूर ते नरसिंहपूर या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणतात. तिथले शेतकरी शेताला चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवत. चार महिने शेताचं तळं होई, तण कुजून जाई, ओल खोल उतरे. पावसाळा सरला की पाणी सोडून द्यायचं आणि त्याच ओलीवर गहू पेरायचा. विहीर नको, मोट नको. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतातून जाणार, त्यामुळे कोणी कधी सोडायचं हे गावाने मिळून ठरवावं लागे.

म्हणजे हा मुलूख जिंकायला रस्ता लागतो, आणि इथे टिकून राहायला पाणी धरून ठेवावं लागतं. इथे जे जे राज्य करून गेले, त्यांना मी या एका मापाने मोजायला लागलो आहे.

पहिले मोठे नाव कलचुरींचं. जबलपूरच्या पश्चिमेला तेवर नावाचं गाव आहे, तीच प्राचीन त्रिपुरी. नवव्या शतकापासून तेराव्याच्या सुरुवातीपर्यंत कलचुरी इथून राज्य करत होते. गांगेयदेवाने काढलेली बसलेल्या लक्ष्मीची नाणी इतकी चालली की पुढे उत्तरेतल्या अनेक राजांनी तोच छाप उचलला. भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं गोल देऊळ त्यांच्याच काळातलं. युवराजदेवाच्या दरबारात राजशेखर हा कवी होता. आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, तो ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी एका महाराष्ट्री घराण्याचा माणूस त्रिपुरीत नाटकं लिहीत होता. आणि या कलचुरींचे विखुरलेले ताम्रपट व शिलालेख एकत्र करून, वाचून, जगासमोर मांडणारे विद्वानही मराठी: नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. त्यांचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांवरचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही त्याच्याशिवाय या विषयात कोणाचं पान हलत नाही. तलवारीने गेलेल्या मराठी माणसांची आठवण आपण काढतो. मिराशींनी या प्रदेशाला जे दिलं, तेही त्या हिशेबात जमेच्या बाजूला लिहायला हवं.

कलचुरींनंतर गोंड. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्रामशाहाने गढा राज्य वाढवलं. त्याच्या नावावर बावन्न गढ सांगतात. बावन्न गढ, बावन्न ताल: आकडे जुळवलेले वाटोत, पण लोकांच्या मनात किल्ला आणि तलाव यांची किंमत सारखी होती एवढं त्यातून कळतं. संग्रामशाहाचा मुलगा दलपतशाह, आणि त्याची राणी दुर्गावती ही चंदेल घराण्यातली. दलपतशाह १५५० च्या सुमारास वारला. मुलगा वीरनारायण लहान होता. राणीने कारभार हाती घेतला आणि सुमारे चौदा वर्षं चालवला.

तिच्या शेवटच्या लढाईबद्दल सविस्तर लिहिणारा अबुल फजल, म्हणजे शत्रूपक्षाचा लेखक. म्हणूनच त्याने केलेली स्तुती वजनदार आहे. १५६४ मध्ये अकबराचा कडा-माणिकपूरचा सुभेदार आसफखान दमोहच्या वाटेने आत आला. तो दमोहला पोचल्याची बातमी आली तेव्हा राणीजवळ फक्त पाचशे माणसं उरली होती, बाकीची फौज पांगली होती. अधारने वस्तुस्थिती सांगितली. राणी मागे हटली, पण पळाली नाही. तिने नर्रईची जागा निवडली. मंडला रस्त्यावर बरेलाजवळ आज तिची समाधी आहे, त्याच परिसरात. एका बाजूला नर्मदा, दुसऱ्या बाजूला गौर नदी, आजूबाजूला डोंगर, आत शिरायला अरुंद वाट. कमी माणसांनी मोठ्या फौजेला अडवायचं तर अशीच जागा हवी. कोणताही कंपनी कमांडर आज तिथे उभा राहिला तर हेच म्हणेल.

पहिल्या दिवशी मोगलांना मागे रेटण्यात आलं. रात्री राणीने सरदारांना बोलावलं आणि सांगितलं की याच रात्री छापा घालू, सकाळी आसफखान तोफा आणून घाटाचं तोंड धरेल. सरदार तयार झाले नाहीत. सकाळी तसंच झालं. राणी सरमन नावाच्या हत्तीवर बसून लढली. वीरनारायण जखमी झाला तेव्हा त्याला तिने सुरक्षित जागी पाठवलं. मग एक बाण तिच्या कानशिलात आणि एक मानेत लागला. तिने अधारला सांगितलं, मला संपव. त्याचा हात झाला नाही. तिने स्वतःच कट्यार चालवली. ती तारीख २४ जून १५६४ मानतात. पुढे चौरागढ पडला, वीरनारायण मारला गेला. लुटीत सापडलेल्या हजारभर हत्तींपैकी दोनशेच आसफखानाने अकबराकडे पाठवले.

रात्रीच्या छाप्याचा प्रसंग मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगतो. राणीचा अंदाज बरोबर होता, जागा बरोबर होती, वेळही बरोबर होती. कमी पडलं ते एकच, तिच्या हाताखालच्यांचं मन. आणि तरीही सकाळी ती त्याच माणसांसोबत उभी राहिली.

गोंड राज्य त्या दिवशी संपलं नाही. अकबराने दहा गढ घेऊन उरलेलं राज्य दलपतशाहाचा भाऊ चंद्रशाह याला परत दिलं. राजधानी हळूहळू पूर्वेकडे, मंडल्याकडे सरकली. हिरदेशाहाने रामनगरला नर्मदेकाठी महाल बांधला. तिथल्या १६६७ च्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. राज्य आकसत गेलं, पण मोगलांच्या काळात ते टिकलं.

ते संपवलं आपण.

१७४२ मध्ये नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून आले. राजा महाराजशाह लढाईत मारला गेला. त्याच्या मुलाला, शिवराजशाहाला, वर्षाला चार लाख चौथ कबूल करावी लागली. त्यानंतर राज्य नावापुरतं उरलं, आणि १७८१ मध्ये सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी शेवटच्या राजाला, नरहरशाहाला, गादीवरून उतरवून मुलूख खालसा केला. १७९८ च्या सुमारास पेशव्यांनी मंडला आणि हे नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं.

हा कारभार कसा होता? एका वाक्यात निकाल देणं योग्य नाही. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये सागरच्या काळातल्या मंडल्याच्या कारभाराबद्दल एकंदरीत बरं लिहिलं आहे, मात्र एका अधिकाऱ्याचा अपवाद करून. त्याने अठरा महिन्यांत प्रजेकडून कित्येक लाख रुपये पिळून काढले असं तिथे नोंदलं आहे. नंतरच्या भोसल्यांच्या काळात पेंढाऱ्यांनी जिल्हा पुन्हा पुन्हा तुडवला. मंडला गावाच्या तीन बाजूंना नदी आहे, चौथ्या उघड्या बाजूला मराठ्यांनी भिंत बांधली, आणि पेंढाऱ्यांना ते गाव कधी घेता आलं नाही. भिंतीच्या आतली माणसं वाचली. बाहेरच्या खेड्यांचं रक्षण कोणी केलं नाही.

शेवटही पाहण्यासारखा आहे. सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची, नागपूरची १६ डिसेंबरची, आणि तीनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, ब्रिगेडियर जनरल हार्डीमनने जबलपूरला भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे तहाने मंडलाही इंग्रजांना देण्यात आलं, पण तिथल्या किल्ल्यातल्या मराठी शिबंदीने किल्ला सोडायला नकार दिला. १८१८ मध्ये जनरल मार्शलला तो हल्ला करून घ्यावा लागला. वरच्यांनी कागदावर सही केल्यानंतरही जी माणसं जागेवर उभी राहिली, त्यांची नावं आपल्याकडे कोणाला ठाऊक नाहीत. मला त्या शिबंदीबद्दल आदर वाटतो. आणि त्याच वेळी हेही दिसतं की त्यांच्यासाठी आसपासचा मुलूख उठला नाही. ज्या प्रजेकडून छत्तीस वर्षं फक्त वसूल घेतला जातो, ती प्रजा वसूल घेणारा बदलला म्हणून लढायला येत नाही.

गोंडांसाठी मात्र ती उठली. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती. राजघराण्यातले शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह जबलपूरजवळ पेन्शनवर राहत होते, हातात सत्ता काही नव्हती. १८५७ मध्ये शंकरशाहांच्या घरात देवीची प्रार्थना म्हणून लिहिलेलं काव्य सापडलं, त्यात शत्रूच्या नाशाची मागणी होती. तोच राजद्रोहाचा पुरावा ठरला. १८ सप्टेंबर १८५७ ला बापलेकांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्याच रात्री जबलपूरची ५२ वी बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री उठली आणि छावणी सोडून निघाली. पलटणीत असंतोष आधीपासून होता, पण ती रात्र निवडली गेली यामागे सकाळचं ते दृश्य होतं असंच मी मानतो. दहशत बसवण्यासाठी केलेल्या शिक्षेने पलटणच हातची गेली.

इंग्रजांना या जागेचं मोल रस्ता म्हणूनच होतं, आणि त्यांनी तो रस्ता लोखंडाचा केला. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे आणि मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे मार्च १८७० मध्ये जबलपूरला जोडल्या गेल्या आणि मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वेमार्ग झाला. देशाच्या मधोमध, समुद्र आणि सरहद्द दोन्हींपासून लांब, रेल्वेच्या सांध्यावर: दारूगोळ्यासाठी याहून चांगली जागा कोणती? १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरिया, स्वातंत्र्यानंतर व्हेईकल फॅक्टरी. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्सची प्रशिक्षण केंद्रं इथेच. आमच्यासारख्यांची पोस्टिंग इथे होते ती त्याच जुन्या वाटेमुळे.

आपलं या शहराशी असलेलं नातं अलीकडेपर्यंत कागदावरही होतं. १८६१ पासून नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपूरला सुरू झाला आणि नागपूरला पेटला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली, आणि नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं. घर वाटून घेतलेल्या भावांसारखी ही दोन शहरं आहेत. जुन्या घरात कोणी कोणाला काय केलं, हे मग कोणी काढत नाही.

पण काढायला हवं असं मला वाटतं, भांडणासाठी नव्हे. आपल्याकडच्या गड-किल्ल्यांवर भटकताना परक्या फौजांनी काय केलं हे आपण मुलांना सांगतो. मंडल्याच्या गोंड मुलाला त्याचे आजोबा जो इतिहास सांगतात त्यात परकी फौज मराठी बोलते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दोन्ही ऐकायची तयारी असली तरच अटकेपार गेल्याचा अभिमान सांगण्यात अर्थ आहे.

आणि माप तेच ठेवू, पाण्याचं. छत्तीस वर्षांतल्या आपल्या एकाही सुभेदाराचं नाव जबलपूरच्या माणसाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. राणीचं नाव विद्यापीठाला आहे. दिवाणाच्या तलावात अजून पाणी आहे. राणीतालाच्या बऱ्याच भागावर आता क्रीडासंकुल आणि वस्ती आहे. दासीचा तलाव पूर्ण बुजला, आणि तो मराठ्यांनी किंवा इंग्रजांनी बुजवला नाही, वाढत्या शहराने गिळला. तिचं स्वतःचं नाव कुणाला माहीत नाही, फक्त हुद्दा माहीत आहे. तरी पत्ता सांगताना, चिठ्ठी लिहिताना, ऑटोवाल्याला हात करताना रोज हजारो माणसं तिचाच उच्चार करतात. तुम्ही कधी जबलपूरला आलात तर भेडाघाट जरूर बघा. पण एक संध्याकाळ अधारतालच्या काठावर जाऊन उभे राहा. चेरीताल कसा दिसत असेल त्याची कल्पना तिथूनच करता येते.